लोण्याचा पिवळा रंग आणि उंदराचे यकृत

मेथिल ऑरेंजची बाटली नाही अशी शाळेची प्रयोगशाळा विरळाच. आम्लात तांबडा आणि आम्लारीत पिवळा दिसणारा हा दर्शक अनुमापनाच्या प्रयोगात आपण वर्षानुवर्षे वापरतो. त्याच्या रेणूच्या मध्यावर नायट्रोजनचे दोन अणू दुहेरी बंधाने जोडलेले असतात. या जोडीला अझो गट म्हणतात. रेणूच्या एका टोकाला सल्फोनेट गट असतो आणि त्याच्यामुळे हा रंग पाण्यात विरघळतो. हा सल्फोनेट गट काढून टाकला तर जे उरते त्याचे नाव डायमेथिल-अमिनोअझोबेन्झीन. तेही आम्लात तांबडे होते. जठररसात मोकळे आम्ल किती आहे हे पाहण्यासाठी डॉक्टर एके काळी त्याचाच द्राव वापरीत. मात्र ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेल-तुपात मात्र छान विरघळते. या गुणामुळेच ते प्रयोगशाळेतून स्वयंपाकघरात पोचले.

युरोपात हिवाळ्यात गाई सुक्या चाऱ्यावर असत, त्यामुळे लोणी फिकट येई. मार्गारिन तर मुळातच पांढरे. गिऱ्हाइकाला मात्र पिवळेधमक लोणी हवे असे. (म्हशीच्या पांढऱ्या लोण्यावर वाढलेल्या आपल्याला ही अडचण चटकन कळायची नाही.) तेव्हा लोण्यात हा रंग मिसळू लागले आणि त्याला नाव पडले ‘बटर यलो’, म्हणजे लोण्याचा पिवळा. या रंगाने यकृताचा कर्करोग होतो हे १९३० च्या दशकात जपानमध्ये लक्षात आले. तिथपर्यंतचा रस्ता मात्र जरा वळणाचा आहे.

१९०६ साली जर्मनीत बर्नहार्ड फिशर यांनी ‘स्कार्लेट रेड’ नावाचा अझो रंग ऑलिव्ह तेलात विरघळवून सशाच्या कानात टोचला. कातडीच्या पेशी भराभरा वाढल्या आणि वाढ कर्करोगासारखी दिसू लागली. पण टोचणे थांबवल्यावर वाढही थांबली; तो खरा कर्करोग नव्हता. खरा कर्करोग साधला तो टोकियोत. कात्सुसाबुरो यामागिवा हे बर्लिनला फिर्शो यांच्याकडे शिकून आले होते. दीर्घकाळ होणाऱ्या चुरचुरीतून कर्करोग उद्भवतो या गुरूच्या मतावर त्यांचा विश्वास होता. स्वतः क्षयाने जर्जर असलेल्या यामागिवांचे सहकारी होते कोइचि इचिकावा. त्यांनी महिनोन् महिने, एक दोन दिवसांआड, सशांच्या कानांना डांबर चोळले. १९१५ साली सशांच्या कानावर खराखुरा कर्करोग झाल्याचे दोघांनी जाहीर केले. रसायनाने ठरवून घडवलेला हा पहिला कर्करोग. नोबेल पारितोषिक मात्र १९२६ सालासाठी डेन्मार्कच्या फिबिगर यांना मिळाले. कृमींमुळे उंदरांच्या जठरात कर्करोग होतो हा त्यांचा निष्कर्ष पुढे टिकला नाही. त्या उंदरांच्या आहारात अ जीवनसत्त्व कमी होते आणि खोट तिथे होती. आहाराचा हा मुद्दा लक्षात ठेवावा. तो पुन्हा येणार आहे.

डांबर चोळून कातडीचा कर्करोग होतो. पण शरीराच्या आतल्या एखाद्या अवयवाचा, आणि तोही नुसते खायला घालून, घडवता येईल का? हा प्रश्न टोकियोच्या सासाकी संशोधन संस्थेत ताकाओकी सासाकी आणि तरुण डॉक्टर तोमिझो योशिदा यांनी हाती घेतला. स्कार्लेट रेडच्याच रेणूचा एक भाग असलेले ऑर्थो-अमिनोअझोटोल्युईन ते उंदरांना अन्नातून देत राहिले. १९३२ पासून त्यांचे निष्कर्ष येऊ लागले आणि १९३५ साली सविस्तर निबंध प्रसिद्ध झाला: उंदरांना यकृताचा कर्करोग झाला होता. रसायन पोटात गेले तोंडाने, पण गाठ उठली यकृतात. हे लगेच पटण्यासारखे आहे. आतड्यातून निघालेले रक्त हृदयाकडे जाण्याआधी यकृतातून जाते आणि अन्नाबरोबर आलेल्या परक्या पदार्थांची पहिली झडती तिथेच होते. पाठोपाठ १९३६-३७ च्या सुमारास ओसाकाच्या रिओजुन किनोशिता यांनी खुद्द लोण्याच्या पिवळ्यानेही तेच होते असे दाखवले. त्यानंतर तो खाद्यपदार्थांतून काढून टाकण्यात आला.

इथे एक पेच उभा राहिला. किनोशितांचे उंदीर मुख्यतः तांदळावर पोसलेले होते. चांगल्या, चौरस आहारावरच्या उंदरांना तोच रंग दिला तर गाठी फारच कमी येत. मग दोष रंगाचा की उपासमारीचा? १९४१ साली न्यूयॉर्कमध्ये कानेमात्सु सुगिउरा आणि ऱ्होड्स यांनी तांदूळ आणि रंग या आहारात यीस्ट किंवा तांदळाचा कोंडा मिसळून पाहिला, तेव्हा यकृत बरेचसे वाचले. त्याच वर्षी त्यांच्या गटाने दाखवले की रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व, आणि दुधातले केसीन हे प्रथिन एकत्र दिले तर कर्करोगापासून बऱ्याच अंशी संरक्षण मिळते. कारण नंतर उलगडले. यकृतातले एक विकर या रंगाच्या अझो गटाचे दोन तुकडे करते आणि रंग निरुपद्रवी होतो. त्या विकराला काम करायला रायबोफ्लेविनपासून बनणारा घटक लागतो. तेव्हा दोष रंगाचाच होता. आहाराने फक्त यकृताची ढाल काढून घेतली होती.

पण मोडला न गेलेला रंग पेशीत नेमके करतो काय? हे शोधले अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातील जेम्स आणि एलिझाबेथ मिलर या दांपत्याने. रंग खाल्लेल्या उंदरांच्या यकृतातील प्रथिने त्यांनी वेगळी केली आणि द्रावकांनी पुन्हा पुन्हा धुतली. सुटा रंग निघून गेला, तरी थोडा रंग उरलाच. आम्लात ती प्रथिने गुलाबी दिसत. दर्शकानेच आपला ठावठिकाणा सांगितला म्हणायचे! रंगाचा रेणू प्रथिनाला रासायनिक बंधाने कायमचा चिकटला होता. १९४७ साली हे प्रसिद्ध झाले. कर्करोगजनक पदार्थ पेशीच्या घटकांशी संयोग पावतो याचा हा पहिला थेट पुरावा. गंमत अशी की बाटलीतला रंग आणि प्रथिन नुसते एकत्र ठेवले तर असे काही होत नाही. म्हणजे यकृतच आधी त्या रंगाचे कोणत्या तरी आक्रमक रूपात परिवर्तन करीत असले पाहिजे.

हे रूप पकडता आले ते दुसऱ्याच पदार्थामुळे. ॲसिटिल-अमिनोफ्लुओरीन हे कीटकनाशक म्हणून बाजारात येणार होते. १९४१ साली चाचण्यांत त्याने उंदरांना यकृताचा आणि इतर अवयवांचाही कर्करोग झाला आणि तो बेत बारगळला. संशोधकांना मात्र एक उत्तम हत्यार मिळाले. १९६० साली मिलर दांपत्य आणि त्यांचे सहकारी क्रेमर यांना दिसले की उंदराचे शरीर या रेणूतल्या नायट्रोजनला ऑक्सिजन जोडते आणि ते नवे संयुग मूळ पदार्थापेक्षा अधिक घातक असते. गिनीपिगला या रसायनाने कर्करोग होत नाही, कारण त्याच्या शरीरात हे रूपांतर जवळजवळ होतच नाही. मग आपली गणना कुणात? १९६४ साली दिसले की माणसाच्या शरीरात ते होते. गिनीपिगवर विसंबून ते कीटकनाशक शेतात फवारले गेले असते तर काय झाले असते, याचा विचार वर्गात करून पाहण्यासारखा आहे. उलट, उंदराला झाले म्हणून माणसाला होईलच असेही म्हणता येत नाही. लोण्याच्या पिवळ्याबद्दल माणसांतला पुरेसा पुरावा नाही. म्हणूनच आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला ‘कदाचित कर्करोगजनक’ अशा गटात ठेवले आहे.

हे सगळे परदेशातले, असे कुणाला वाटेल. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की पक्षी बुरशी लागलेली भुईमुगाची पेंड खाऊन मेले आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन हे विष सापडले. उंदरांत ते यकृताचा कर्करोग घडवते हेही लवकरच कळले. भुईमूग आपल्याकडेही खाल्ला जातो, आणि प्रथिनांची कमतरताही आपल्याकडेच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत माधवन आणि गोपालन यांनी १९६८ साली अफ्लाटॉक्सिन देऊन उंदरांचे दोन गट पाहिले. एकाच्या आहारात प्रथिन वीस टक्के, दुसऱ्याच्या केवळ पाच. कर्करोग झाला तो भरपूर प्रथिन मिळालेल्यांना! न्यूयॉर्कच्या निष्कर्षाच्या अगदी उलट. पण विरोध वरवरचा आहे. अफ्लाटॉक्सिनला आक्रमक रूप देणारी यकृतातली विकरेही प्रथिनांवरच पोसतात. ती दुबळी असली की विष तसेच राहते. याचा अर्थ कमी प्रथिन खावे असा कुणी काढू नये. पुढे १९७४ साली गुजरातेतील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा या भागांत बुरशी आलेला मका खाल्ल्याने यकृताच्या आजाराची साथ आली. शंभराहून अधिक माणसे दगावली. ते बहुतेक गरीब आदिवासी होते, आणि प्रथिनांच्या कमतरतेने त्यांना वाचवले नाही.

मुंबईतही या वाटेने काम झाले आहे. टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन संस्थेत उंदरांना आधी डायएथिलनायट्रोसामीन हे यकृतात कर्करोगाची सुरुवात करणारे रसायन दिले आणि मागाहून आपल्या बाजारातले दोन बेकायदा खाद्यरंग: हिरव्या भाज्यांना चोळतात तो मॅलॅकाइट ग्रीन आणि डाळ, हळद, मिठाईत घालतात तो मेटॅनिल यलो. १९९१ पासून पुढच्या दशकभरात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासांत दिसले की दोन्ही रंग आधीच बिघडलेल्या पेशींच्या वाढीला चालना देतात. सुरुवात एकाची आणि खतपाणी दुसऱ्याचे, अशी ही भागीदारी.

मेटॅनिल यलो हाही अझो रंग, मेथिल ऑरेंजच्याच कुळातला, आणि आम्लात तो आपली जात दाखवतोच. संशयित हळद चिमूटभर घेऊन कोमट पाण्यात हलवावी आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकावेत. गुलाबी रंग आला तर लगेच दुकानदाराला दोष देऊ नये, कारण तीव्र आम्लात शुद्ध हळदही गुलाबी होते. आणखी पाणी घालून पाहावे. हळदीचा गुलाबीपणा पाण्याने जातो. मेटॅनिल यलोचा टिकून राहतो.