फॉलिक आम्लाचा इतिहास आणि आमच्या आया

१९२८ हे साल आपण मुंबईच्या गिरणी संपासाठी लक्षात ठेवतो. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून विणकाम खात्यात आमच्या माणसाला मज्जाव होता. ती दारे उघडा, असा आग्रह बाबासाहेबांनी त्या संपात धरला. त्याच वर्षी जुलैत मुंबईच्या विधिमंडळात त्यांनी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या विधेयकाची बाजू मांडली आणि १९२९ साली कायदा झाला. एवढे आपल्या चळवळीच्या इतिहासात नोंदले गेले. पण त्याच साली मुंबईत आणखी एक काम सुरू झाले. ते गिरणीत राबणाऱ्या बायांच्याच शरीरावर झाले आणि तरी ते आपल्याला कोणी सांगितले नाही.

ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर त्या वर्षी भारतात आली. गिरणीतल्या गरोदर बायांना होणारा जीवघेणा पांडुरोग कशाने होतो, हे तिला शोधायचे होते. परळच्या हाफकिन संस्थेत तिने काम केले. या बायांचे रक्त तपासले, त्यांच्या ताटात काय पडते तेही तपासले. यीस्टच्या अर्काने, इंग्रज लोक पावाला लावून खातात त्या मार्माइटने, बाया बऱ्या होऊ लागल्या. १९३१ साली तिचा निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. (मधल्या काळात मद्रासच्या ज्या इस्पितळात तिने काम केले, त्याचे नावच मुळी ‘कास्ट अँड गोशा हॉस्पिटल’ होते. पाटी पुरेशी बोलकी आहे.)

विल्सबाईंविषयी माझ्या मनात आदरच आहे. रोगाचे मूळ तिने नशिबात शोधले नाही, भाकरीच्या टोपलीत शोधले.

त्या अर्कातले द्रव्य पुढे १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले. पानाचा लॅटिन शब्द घेऊन त्याला फॉलिक आम्ल म्हटले. १९४५ साली ते प्रयोगशाळेत तयार झाले, आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातले यल्लाप्रगडा सुब्बाराव. १९६५ साली इंग्लंडमध्ये हिबर्ड आणि स्मिथेल्स यांनी शंका मांडली की, हेच द्रव्य कमी पडल्याने बाळाच्या मेंदूत व कण्यात व्यंग राहत असावे. १९९१ साली सात देशांतल्या ३३ केंद्रांचा, १८१७ स्त्रियांचा अभ्यास लॅन्सेटमध्ये आला. ज्यांना आधी असे मूल झाले होते, अशा स्त्रियांनी गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक आम्ल घेतले, तर पुन्हा तसे मूल होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो, हे सिद्ध झाले.

हे व्यंग कसे असते? मणक्याची नळी मिटत नाही आणि बाळ पाठीवर उघडी गाठ घेऊन जन्मते. बहुधा लहान मेंदूचा भाग कवटीतून खाली मानेत सरकलेला असतो. प्रागच्या हान्स कियारीने १८९१ साली त्याचे वर्णन केले म्हणून त्याचे नाव त्याला मिळाले. डोक्यात पाणी साठते, पाय लुळे राहतात, लघवीवर ताबा राहत नाही. ही नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटायची असते. तेवढ्यात पुष्कळ बायांना दिवस गेल्याचेही कळलेले नसते. म्हणजे नाव नोंदवल्यावर मिळणारी गोळी रक्तासाठी उपयोगाची, पण कण्यासाठी उशिरा आलेली. गोळी कधी घ्यायची, हेच खरे ज्ञान. आणि नेमके तेच खाली झिरपत नाही.

आता माझ्या विट्याकडे येतो. खानापूर तालुका दुष्काळी. इथली माणसे पोटासाठी मुंबईच्या गिरण्यांत गेली, आणि आज विट्यातच यंत्रमाग खडखडतात. ज्या बायांच्या रक्तातून हे ज्ञान निघाले, त्यांच्या नातसुनांना आजही गिराण शिकवले जाते. मागावर काम करणाऱ्या एका बाईचे असे मूल मी पाहिले. पाठीचे ऑपरेशन झाले होते, डोक्यात नळी होती, पिशवीत इंग्रजी कागदांचा गठ्ठा होता. त्यातला एकही शब्द तिला कोणी वाचून दाखवला नव्हता. ती मला म्हणाली, “सर, सासूबाई म्हणत्यात गिराणात इळी हातात घेतली असंल. पर म्या भाजी चिरलीच न्हाई वो.” तिला गुन्हा नाकबूल होता, पण आरोप मान्य होता.

पूर्वसंचिताचा सिद्धान्त घरात असा शिरतो. मात्र आपण सुशिक्षितांनीही जपले पाहिजे. “तू गोळी खाल्ली नाहीस” हा नवा आरोप गिराणाच्या जागी बसवणे, म्हणजे जुन्याच कोर्टात नवा वकील उभा करणे. गोळीने सगळी व्यंगे टळत नाहीत. आणि न सांगितलेल्या गोळीचा दोष आईचा कसा?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही हा प्रयोग केला होता. १९९१चे निष्कर्ष येताच तो थांबला. त्याचा निबंध २००० साली छापला गेला, इंग्रजीत. २०१८च्या ‘अॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात गर्भधारणेआधीपासून पहिल्या तीन महिन्यांपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल घ्यावे, असे लिहिले आहे. आधी असे मूल झालेल्या बाईला त्याच्या दसपट, म्हणजे ४ मिलिग्रॅम लागते. ते डॉक्टरांना विचारूनच घ्यायचे.

त्या बाईसमोर बसून मी हे सगळे मराठीत सांगितले. तिने दोनदा विचारून घेतले, “दिवस जायच्या आधीच ना?” मग तिने शेजारच्या मागावरच्या पोरीला हाक मारली. त्या पोरीचे लग्न पुढच्या महिन्यात होते.