कानबान पद्धती

जपानमधील टोयोटा मोटर कंपनीत ताइइची ओनो (१९१२–९०) यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर रुजवलेली, लागेल तेव्हा व लागेल तेवढाच माल मागवण्याची पद्धती. सुट्या भागांच्या प्रत्येक पेटीवर भागाचा क्रमांक, नग व ठिकाण नोंदवलेले कार्ड, म्हणजेच कानबान, असते. जोडणी करणारा कामगार पेटी वापरायला घेताच ते सुटून मागील विभागाकडे जाते आणि तीच नव्या उत्पादनाची मागणी ठरते. त्यामुळे गोदामात भांडवल अडकत नाहीच, शिवाय सदोष भाग साठ्यात दडून न राहता लगेच उघडकीस येतो, हा तिचा अधिक मोलाचा गुण होय. मात्र पुरवठादार एकच असल्यास ती फार नाजूक ठरते : फेब्रुवारी १९९७ मध्ये कारिया येथील आयसिन सेइकीच्या कारखान्याला आग लागून ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह मिळेनासा झाला, तेव्हा टोयोटाचे जपानमधील बहुतेक कारखाने काही दिवस बंद पडले.