नापाक म्हणजे पापी नव्हे

वर्गात 'साफ' आणि 'पाक' हे दोन शब्द शिकवताना आम्हाला नेहमी थांबावे लागते. धुतलेला सदरा साफ असतो. तो पाक असेलच असे नाही. हा फरक ज्याला कळला, त्याला प्राचीन बनी इस्राईलचे शुद्धीचे नियम समजणे सोपे जाते.

हे नियम मुख्यतः बायबलमधील 'लेवीय' आणि 'गणना' या ग्रंथांत आहेत. मासिक पाळीची अशुद्धी 7 दिवस. वीर्यस्खलन झालेल्या पुरुषाने अंघोळ करावी, तो संध्याकाळपर्यंत अशुद्ध. मुलगा झाला तर आई 7 दिवस अशुद्ध, पुढे 33 दिवस शुद्धीकरणाचे. मुलगी झाली तर 14 आणि 66. हे दुप्पट का, याचे कारण ग्रंथ देत नाही. मय्यतीला हात लागला तर 7 दिवस. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी तांबड्या गाईच्या राखेचे पाणी अंगावर शिंपडायचे.

आता आम्ही विचारतो, बाळंत होणे हे पाप आहे काय? मय्यत दफन करणे गुन्हा आहे काय? उलट, एरवी मय्यतीपासून दूर राहणाऱ्या याजकालाही आई-बाप आणि मुलांसाठी ती अशुद्धी पत्करण्याची मुभा होती. ती राख गोळा करणारा शुद्ध माणूसही संध्याकाळपर्यंत अशुद्ध ठरे! म्हणजे ही शिक्षा नव्हती. तेवढे दिवस पवित्रस्थानात जायचे नाही, कुर्बानीचे मांस खायचे नाही, एवढाच मुख्य अर्थ.

असे का? मेरी डग्लस यांनी 1966 साली मांडले, की जे ठरलेल्या व्यवस्थेत बसत नाही ते समाजाला अशुद्ध वाटते. जेकब मिलग्रोम यांनी वेगळा धागा पकडला. रक्त, वीर्य, प्रेत, सडणारी त्वचा या साऱ्यांवर मृत्यूची सावली आहे. जीवन देणाऱ्या ईश्वराच्या घरापासून ती दूर ठेवायची. आम्हाला हे अधिक पटते.

पण याच ग्रंथांत दुसरी एक अशुद्धी आहे. खून, मूर्तिपूजा, निषिद्ध संबंध यांनी माणूसच नव्हे, भूमीही विटाळते, आणि ती कोणत्याही अंघोळीने जात नाही. पाप होते ते हे.

इ. स. 70 मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर पाडले आणि यांतले बरेच नियम व्यवहारातून गेले. जेरुसलेम आणि मसादा येथे पायऱ्यांचे स्नानकुंड तेवढे सापडतात.

आमच्या शाळेत मुले भांडताना एकमेकांना 'नापाक' म्हणतात. आम्ही त्यांना सांगतो, त्या जुन्या कायद्यात ही अशुद्धी पिढीजात नव्हती. दिवस भरले, अंघोळ केली, सूर्य मावळला, की माणूस पुन्हा आपल्या माणसांत येई. या शब्दाची शिवी केली, ती नंतरच्या लोकांनी.