आमचं घर कोणत्या रकान्यात?

सीमाप्रश्न म्हटला की मोर्चे, लाठीमार आणि १९५६ चा गोळीबार आठवतो. आमच्या घरात मात्र हा प्रश्न शिरला तो कागदातून. आमचे धाकटे आजोबा, म्हणजे आजोबांचे भाऊ, खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात अर्ज लिहून द्यायचे. अक्षर मोत्यासारखं. त्यामुळे कुणाला सरकारदरबारी काही सांगायचं असलं की आमची पडवी भरलेली. राज्यांची फेररचना होताना लोकांनी आपलं म्हणणं कसं मांडलं, ते त्या पडवीत ऐकलेल्या गोष्टींवरून सांगतो.

मागणी जुनीच. १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनात, माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. १९४८ मध्ये बेळगाव नगरपालिकेनेही महाराष्ट्रात जाण्याची मागणी केली. पुढे फाजल अली आयोग आला. देशभरातून त्यांच्याकडे दीड लाखांवर कागद गेले. लोकांनी मनापासून लिहिलं हो! पण आयोगाने साधारणपणे जिल्हा हेच एकक धरलं. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात जावा, फक्त चंदगड तालुका वगळावा, असं १९५५ च्या अहवालात आलं आणि १ नोव्हेंबर १९५६ ला तसंच झालं. एकाच बोलीची, एकाच देवाच्या जत्रेला जाणारी माणसं दोन राज्यांत गेली. आपल्या लोकांचं म्हणणं होतं की जिल्हा नको, खेडं एकक धरा. आंध्र आणि मद्रासची हद्द ठरवताना पाटसकरांनी तेच केलं होतं. तिथे चाललं, मग इथे का नको?

१९६६ मध्ये सेनापती बापट मुंबईत उपोषणाला बसले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात निवृत्त सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा एकसदस्यीय आयोग नेमला गेला. आमच्या पडवीत पुन्हा कागदाचे ताव आले.

धाकटे आजोबा सांगायचे, निवेदन लिहिणं सोपं, यादी करणं अवघड. घरोघर जाऊन भाषा लिहायची. पहिली दहा-बारा घरं पटापट झाली. मग एक घर आलं, तिथे सासू मराठी आणि सून धारवाडकडची. सून चुलीपुढे कानडीत बोलायची, पोरं दोन्हीत भांडायची. काय लिहायचं? दुसऱ्या घरी म्हातारा म्हणाला, "देवाला मराठीत हाक मारतो, बैलाला कानडीत. तूच ठरव बाबा." त्यांनी मराठी लिहिलं. चुकीचं होतं असं मला वाटत नाही, रकाना एकच होता. पलीकडे अक्कलकोट, जतच्या कन्नड गावांतही कुणीतरी असाच कागद पुढ्यात घेऊन बसला असणार, हे आपण बोलताना विसरतो.

महाजन आयोगाकडे २,२४० निवेदनं आली आणि ७,५७२ माणसांच्या भेटी झाल्या असं सांगतात. ऑगस्ट १९६७ मध्ये अहवाल आला. महाराष्ट्राने ८१४ गावं मागितली होती. निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत आणि अक्कलकोट, जत भागातली २४७ गावं म्हैसूरला, असं त्यात होतं. बेळगाव शहर मात्र म्हैसूरकडेच. शहराच्या तीन बाजूंना कानडी मुलूख आहे, हे त्याचं एक मोठं कारण दिलं गेलं. म्हणजे शहरातली माणसं काय बोलतात यापेक्षा शहराभोवती काय आहे ते जड ठरलं. महाराष्ट्राने अहवाल नाकारला, म्हैसूरने उचलून धरला. अंमल कशाचाच झाला नाही. आमचं खानापूरसुद्धा होतं तिथेच राहिलं.

एक गोष्ट मला कायम खुपते. आयोगाचं काम चालू असतानाच, चोर्ला घाटाच्या पलीकडे गोव्यात १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळं राहणं. १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७०. मराठीप्रेमी मंडळींना तो निकाल कडू लागला, आमच्या घरातही लागला. पण तिथे निदान प्रत्येकाच्या हातात एक मत होतं. आमच्याकडे अर्ज होता, आणि अर्जावर निर्णय दुसऱ्याचा. घटनेच्या कलम ३ मध्येही मत विचारायचं ते विधिमंडळाला, गावाला नाही. मग आपले लोक निवडणुकीलाच कौल समजू लागले आणि समितीचे आमदार निवडून देत राहिले.

२००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या याद्यांची आमच्या घरची नक्कल वाळवीने खाल्ली, उरलीत ती चार पानं. अंगठे मात्र स्पष्ट दिसतात. निपाणी, कारवार, हल्याळकडच्या कुणाच्या माळ्यावर असे कागद असतील तर फोटो टाका. दोन भाषांच्या घरांचं तुमच्या गावाने काय केलं होतं, ते मला बघायचंय.