दोषातून जन्मलेला नाद : हाय-गेन अ‍ॅम्प्लिफायर कसा पारखावा?

१/ हेवी मेटलमधील गिटारचा तो दाट, करकरीत, लांबत जाणारा नाद मुळात यंत्राचा दोष मानला जाई. तो दोष गुण कसा ठरला आणि आज चार-पाच मॉडेलांचे नाद ऐकून त्यांतले एक निवडणाऱ्याने हा इतिहास का जाणून घ्यावा, याविषयी हा धागा.

२/ प्रथम यंत्राविषयी. गिटारकडून येणारा विद्युतसंकेत क्षीण असतो. अ‍ॅम्प्लिफायरमधील व्हॅक्यूम ट्यूब तो वाढवते. या वाढीला गेन म्हणतात. ट्यूबच्या मर्यादेपलीकडे संकेत ढकलला की लहरींचे माथे छाटले जातात आणि मूळ नादात नसलेले उपस्वर उमटतात. हेच डिस्टॉर्शन. ते टाळणे हेच आरंभीच्या अभियंत्यांचे ध्येय होते.

३/ मार्च १९५१, मेम्फिस. ‘रॉकेट ८८’ या गीताच्या ध्वनिमुद्रणासाठी निघालेल्या वादकांच्या अ‍ॅम्प्लिफायरची वाटेत मोडतोड झाली. सॅम फिलिप्स यांच्या स्टुडिओत स्पीकरमध्ये कागद कोंबून काम भागवले गेले. खरखर तशीच मुद्रित झाली आणि गीत गाजले.

४/ १९६२, पश्चिम लंडनमधील हॅनवेल. ड्रमवादक जिम मार्शल यांच्या दुकानात केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी जेटीएम४५ घडवला. सर्किट बहुतांशी अमेरिकेच्या फेंडर बेसमनचे. मात्र पहिली ट्यूब अधिक गेनची होती. आणि मागून उघड्या पेटीतील १० इंची ४ स्पीकरांच्या जागी बंद पेटीतले १२ इंची ४ स्पीकर आले. आराखडा तोच, नाद निराळा.

५/ पण हा नाद हवा तर आवाज कानठळ्या बसेपर्यंत वाढवावा लागे. कॅलिफोर्नियात मेसा/बूगीच्या रँडल स्मिथ यांनी १९७०च्या दशकात गेनचे टप्पे एकापुढे एक जोडले आणि अंतिम आवाजाचे नियंत्रण वेगळे ठेवले. मार्शलनेही १९७५ मध्ये मास्टर व्हॉल्यूमचे मॉडेल आणले. त्याच परंपरेतला जेसीएम८०० १९८१चा.

६/ १९८७ मध्ये माइक सोल्डानो यांचा एसएलओ-१०० आला. पुढे १९९०च्या दशकाच्या आरंभी मेसाचा ड्युअल रेक्टिफायर आणि पीव्हीचा ५१५० अवतरले. या दोहोंच्या सर्किटवर जाणकार सोल्डानोची छाप दाखवतात. बाजारातले प्रतिस्पर्धी असे एकाच कुळातले निघतात.

७/ आता तुलनेकडे. पहिला सापळा नावाचा. ५१५० हे मॉडेल एडी व्हॅन हेलन यांच्या सहकार्याने बनले होते. ते सहकार्य संपल्यावर पीव्हीने त्याचे नाव ६५०५ केले. सर्किट मूलतः तेच राहिले. नाव बदलले म्हणून नाद बदलतोच असे नाही.

८/ दुसरा सापळा बटणांचा. ‘सगळी बटणे ५ वर’ ठेवून केलेली तुलना न्याय्य वाटते, पण तशी नसते. मेसाच्या मार्क मालिकेत बास-ट्रेबलची बटणे डिस्टॉर्शनच्या आधी येतात, म्हणून बास अगदी कमी ठेवावा लागतो. जेसीएम८००मध्ये ती गेनच्या टप्प्यांनंतर येतात. बटण सारखे, कार्य वेगळे.

९/ तिसरा सापळा साक्षीदाराचा. १९७८च्या पहिल्या अल्बमवरील नादाचे रहस्य सांगताना व्हॅन हेलन यांनी आरंभी मार्शलचे व्होल्टेज वाढवल्याचे सांगितले. पुढे त्यांनीच खुलासा केला, की ते व्होल्टेज कमी करून सुमारे ९० वर आणत. पहिल्या विधानावर विसंबून कोणी तसे केले, तर अ‍ॅम्प्लिफायर जळण्याचा धोका होता! प्रत्यक्ष कर्त्याची साक्षसुद्धा पडताळावीच लागते.

१०/ चौथा सापळा आपल्याच कानांचा. दोन नादांपैकी किंचित मोठा नाद अधिक चांगला भासतो. म्हणून आवाज समान पातळीवर आणावा. गिटार, स्पीकरची पेटी, मायक्रोफोन आणि त्याची जागा तीच ठेवावी. मग प्रत्येक मॉडेलची बटणे त्याच्या स्वभावानुसार लावावीत आणि एका वेळी एकच घटक बदलावा.

११/ इतिहासात याला आपण साधनचिकित्सा म्हणतो. एखादी बखर वाचताना ती कोणी, कधी, कोणासाठी लिहिली आणि नकलेत काय बदलले, हे आपण विचारतो. ध्वनिमुद्रणही तसेच साधन आहे. ज्या नादाचे श्रेय आपण मॉडेलला देतो, त्यात वादकाचा हात, स्पीकर, मायक्रोफोन आणि मुद्रकाचे निर्णयही मिसळलेले असतात. जेटीएम४५ची कथा हेच सांगते : नुसता स्पीकर आणि पेटी बदलली तरी नाद बदलतो. म्हणून महागडा अ‍ॅम्प्लिफायर घेण्यापूर्वी आहे त्याच यंत्राला दुसरी स्पीकरपेटी जोडून ऐकावे. हवा असलेला नाद कदाचित तिथेच सापडेल.

(धागा समाप्त)