जुना पिकअप घेताय? मग गाडी एकदा अंधारात बघा

जुन्या पिकअपचा सौदा बहुतेक वेळा भर उन्हात होतो. टायर बघितले जातात, हौद्याचा पत्रा वाजवून बघितला जातो, इंजिन चालू करून धूर बघितला जातो, आणि टोकन देऊन माणूस मोकळा होतो. पुढे ती गाडी चालते मात्र रात्री. नारायणगावचा टोमॅटो पहाटे वाशीच्या मार्केटला लावायचा असेल, तर माळशेज घाट अंधारातच उतरावा लागतो. गाळप हंगामात तर विचारायलाच नको. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, अशी उसाची ट्रॉली एखाद्या वळणावर उभी असते आणि ती दिसते ती अगदी जवळ गेल्यावरच.

'अगदी जवळ' म्हणजे किती, याचा हिशोब सोपा आहे. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर पुढे सरकते. अडथळा दिसल्यावर पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर २५ मीटर तिथेच गेले. भरलेली गाडी पुढे थांबायला कोरड्या रस्त्यावरही आणखी २५ ते ३० मीटर घेते. म्हणजे एकूण ५० मीटरच्या वर. ताशी ८० ला हाच आकडा ८० मीटरपर्यंत जातो. डिपरच्या प्रकाशात ४० मीटरच दिसत असेल, तर ब्रेक कितीही चांगले असले तरी उपयोग नाही.

म्हणून जुनी गाडी बघायला संध्याकाळी जावे. दिवसा एक फेरी मारावीच, पण पैसे द्यायच्या आधी एकदा अंधार पडल्यावर गाडी भिंतीसमोर उभी करून अपर-डिपर लावून बघावे. विकणाऱ्याने नाक मुरडले, तर त्यातूनही काही कळतेच.

अंधारात काय दिसते?

दोन्ही दिवे सारखे उजळतात का, हे पहिले. एक पांढरा आणि दुसरा पिवळसर असेल, तर एका बाजूला वायर किंवा अर्थिंग खराब आहे. इंडिकेटर लावल्यावर हेडलाइटही मंद लुकलुकत असेल तर तीच शंका. रेस दिल्यावर प्रकाश ठळकपणे वाढत असेल, तर बॅटरी किंवा अल्टरनेटर थकलेला असू शकतो. बॉनेट उघडून वायरींवर नजर टाकावी. जागोजागी टेप गुंडाळलेली, फ्यूजच्या जागी तांब्याची तार, दिव्यामागचा कपलर काळा पडलेला, असे दिसले तर आधीच्या मालकाने जास्त वॅटचे बल्ब वापरून बघितले आहेत असे खुशाल समजावे.

मोठा ट्रक घेत असाल तर आणखी एक गोष्ट. मोठ्या ट्रकना बहुधा २४ व्होल्टची यंत्रणा असते, म्हणजे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकमेकींना जोडलेल्या. टेप किंवा हॉर्नसाठी यातल्या एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढायची युक्ती बऱ्याच ठिकाणी दिसते. त्यात एक बॅटरी कमी चार्ज होत राहते, दुसरी जास्त, आणि दोन्ही लवकर जातात.

दिवे नंतरही सुधारता येतात, चेसिस नाही. मागच्या पाट्यांचे हँगर जिथे चेसिसला जोडलेले असतात, तिथला गंज आणि नव्या वेल्डिंगचे डाग बघावेत. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतः वाचून आरसीशी ताडावेत.

कागद मात्र उजेडातच वाचा

मालवाहू गाडीला फिटनेस म्हणजे 'पासिंग' लागते. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दोन वर्षांसाठी मिळते, त्यानंतर दरवर्षी करावे लागते. १५ वर्षांवरील गाडीचे शुल्क तुलनेने बरेच जास्त असते, त्यामुळे स्वस्तात मिळालेली गाडी दरवर्षी किती खाणार हे आधीच मोजावे. थकलेला कर, पर्यावरण कर, ई-चलन आणि विम्याची मुदत बघावी. यातली बरीच माहिती एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून मिळते. कर्ज फिटले असले तरी आरसीवरचा बोजा आपोआप उतरत नाही. त्यासाठी फायनान्स कंपनीच्या सहीचा फॉर्म ३५ लागतो. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, आणि गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली असेल तर एनओसीसाठी फॉर्म २८.

'नाव नंतर बदलू' हा या धंद्यातला सगळ्यात महाग शब्द आहे, विशेषतः विकणाऱ्यासाठी. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले, की गाडी हातोहात कितीही जणांना विकली गेली असली, तरी अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच, ज्याचे नाव नोंदणीवर आहे.

आता दिव्यांकडे. बल्ब बदलण्याची घाई का करू नये?

गाडी घरी आली की पहिला सल्ला मिळतो तो 'एलईडी टाक' किंवा 'शंभर वॅटचा बल्ब टाक' असा. दोन्ही सल्ले मूळ दुखणे सोडून भलतीकडेच जातात. जुन्या गाडीचा प्रकाश कमी असतो तो बहुतेकदा बल्बपर्यंत पुरेसा दाबच पोचत नाही म्हणून.

१२ व्होल्टच्या गाडीतला नेहमीचा एच-फोर बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. अपरला ६०, डिपरला ५५. त्याची चाचणी १३.२ व्होल्टवर होते आणि तेव्हा तो डिपरला सुमारे १००० ल्युमेन प्रकाश देतो. पण हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात सरळ कमी होत नाही, कोसळतो. बल्बला १२ व्होल्ट मिळाले तर प्रकाश सुमारे ७२ टक्के उरतो. ११ व्होल्ट मिळाले तर ५४ टक्के. म्हणजे बल्ब नवाकोरा, आणि उजेड निम्मा.

हे दोन व्होल्ट वाटेत खर्च होतात. दोन्ही डिपरना मिळून ९ अँपियरच्या आसपास करंट लागतो. अनेक जुन्या गाड्यांत हा सगळा करंट बॅटरीपासून निघून स्टेअरिंगखालच्या स्विचमधून, बारीक वायरींतून आणि गंजलेल्या कपलरमधून दिव्यापर्यंत येतो. हे तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. इंजिन चालू, डिपर चालू. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजायचे, मग बल्बच्या कपलरवर, बल्ब जोडलेला असतानाच. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वायरिंग ठीक. दीड-दोन व्होल्ट असेल तर रोग सापडला.

उपाय म्हणजे रिले. बॅटरीजवळ फ्यूज लावून जाड वायर (अडीच चौरस मिलिमीटरची चालते) थेट रिलेपर्यंत आणि तिथून दिव्यापर्यंत न्यायची. अपरला एक रिले, डिपरला एक. जुना स्विच आता फक्त रिलेला इशारा देतो, त्यामुळे तोही तापायचा थांबतो. अर्थिंगची वायर विसरू नये. गंजलेल्या पत्र्यावर स्क्रू आवळून दिलेल्या अर्थिंगमुळे चांगले रिले लावूनही दिवे मंदच राहतात. हे काम जाणता वायरमन काही तासांत करतो. २४ व्होल्टच्या ट्रकला बल्ब (तिथे ७५/७० वॅट) आणि रिले दोन्ही २४ व्होल्टचेच हवेत.

मग रिफ्लेक्टर. दिव्याच्या आतला चकचकीत मुलामा काळवंडला असेल, तर प्रकाश तिथेच गिळला जातो. तो कापडाने पुसू नये, उरलेला मुलामाही निघून येतो. अशा वेळी अख्खा दिवा बदलणे परवडते. प्लास्टिकची पिवळी पडलेली काच घासून साफ होते, पण वरचा संरक्षक थर गेलेला असल्याने काही महिन्यांत पुन्हा धुरकट होते. नवा दिवा घेताना तो डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीचाच असल्याची खात्री करावी. आपल्याकडच्या डिपरचा प्रकाश डावीकडे किंचित वर चढतो, म्हणजे रस्त्याकडेचा सायकलवाला दिसावा. परदेशी रस्त्यांसाठीचा दिवा बसवला तर तोच प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

हे सगळे झाल्यावर मूळ वॅटचा, बऱ्या कंपनीचा नवा बल्ब टाकला की फरक डोळ्यांना दिसतो.

एलईडीत वाईट काय?

एलईडी वाईट नाही. एलईडीसाठीच बनवलेला पूर्ण दिवा उत्तम असतो. घोटाळा होतो तो हॅलोजनच्या दिव्यात एलईडीचा बल्ब घातल्यावर. एच-फोर बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली एक बारीक धातूची वाटी असते. ती खाली जाणारा प्रकाश अडवते आणि त्यामुळे डिपरच्या वरची कडा साफ कापली जाते. रिफ्लेक्टरचा आकार त्या तारेच्या नेमक्या जागेसाठी बनवलेला असतो. एलईडीची चिप जराशी जरी पुढेमागे आली, तरी प्रकाश सगळीकडे उधळतो. ड्रायव्हरला जवळचा रस्ता पांढराशुभ्र दिसतो आणि तो खूश होतो. लांबचे मात्र दिसत नाही, आणि समोरच्या दुचाकीवाल्याला तर काहीच दिसत नाही. नियमही हेच सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १०६ नुसार दिव्याचा झोत खाली वळलेला हवा, ८ मीटरवर उभ्या असलेल्या आणि दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवता कामा नये.

शंभर वॅटच्या बल्बचे गणित याहून वाईट. आधीच थकलेल्या वायरीतून जवळपास दुप्पट करंट खेचला की कपलर वितळतो, आणि नशीब वाईट असेल तर बॉनेटखाली आग लागते.

शेवटचे काम फुकटातले

दिव्याचा रोख. सपाट जागेवर गाडी भिंतीपासून १० मीटरवर उभी करायची, टायरमध्ये हवा बरोबर, आत ड्रायव्हर बसलेला. दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर भिंतीवर खडूने रेघ मारायची. डिपरची वरची कडा त्या रेघेच्या १० ते १५ सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. दिव्यावर निर्मात्याने टक्क्यांत आकडा दिला असेल, तर तोच धरावा. १ टक्का म्हणजे १० मीटरवर १० सेंटिमीटर.

पण पिकअप रिकामा असताना लावलेला रोख भरल्यावर टिकत नाही. माल चढला की मागचे पाटे दबतात आणि नाक वर होते. दोन चाकांमधले अंतर ३ मीटर आणि मागची बाजू ५ सेंटिमीटर खाली बसली असे धरले, तर ५० मीटरवर झोत ८० सेंटिमीटरहून जास्त वर उचलला जातो. तो थेट समोरच्या कारमधल्या ड्रायव्हरच्या डोळ्यांवर येतो. डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांची चकती असेल तर ती याचसाठी आहे. माल भरल्यावर तिचा आकडा वाढवायचा, की झोत खाली येतो. चकती नसेल, तर नेहमीइतका माल भरूनच रोख लावून घ्यावा. आणि पाटे नवे टाकले, की पुन्हा एकदा भिंतीसमोर गाडी लावावी.

वायरमन हाताशी आहेच, तर मागचे दिवेही त्याच दिवशी बघून घ्यावेत, आणि समोर पांढरी, मागे लाल, बाजूंना पिवळी रिफ्लेक्टर टेपही लावावी. पंक्चर होऊन रात्री रस्त्याकडेला उभी राहण्याची पाळी याही गाडीवर येणारच असते.