पांदण: ज्याला आपण ऑफ-रोड म्हणतो

मोबाईलवर 'ऑफ-रोडिंग' शोधलं की काय दिसतं ते वेगळं सांगायला नको. चिखल उडवत जाणारी थार, वरून ड्रोनचा शॉट, मागे दणदणीत गाणं आणि खाली कॅप्शन: 'जिथे रस्ता संपतो, तिथे आमचा प्रवास सुरू होतो.' वाक्य झकास आहे. पण केशोरीच्या बाजूला मित्रांसोबत एक दिवस गाडी चालवल्यापासून ते वाचलं की मी अडखळतो. रस्ता संपतो, म्हणजे नेमका कुणाचा संपतो?

केशोरी हे गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचं गाव, तालुका अर्जुनी मोरगाव. पलीकडे गडचिरोली जिल्हा सुरू होतो. आजूबाजूला धानाच्या बांध्या, तलाव, बोड्या आणि जंगल. नवेगावबांधचा तलाव आणि इटियाडोह धरण याच भागात. केशोरीची मिरचीही प्रसिद्ध आहे. एका मित्राचं आजोळ इथलं. जानेवारीत धान निघालेलं असतं, जमीन वाळलेली असते, म्हणून दोन गाड्या घेऊन आम्ही पाच जण गेलो. जंगलात गाडी घालायची नाही हे आधीच ठरलं होतं. भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार राखीव जंगलात विनापरवाना शिरणं गुन्हा आहे, आणि २०१३ पासून नवेगाव-नागझिरा हा व्याघ्र प्रकल्प आहे. मग उरली ती गावाबाहेरची, शेताशेतांतून जाणारी वाट.

ती वाट म्हणजे आम्हाला हवं होतं ते सगळं होतं. दोन्ही बाजूंना झुडपं, मध्ये चाकांनी कोरलेल्या दोन खोल चाकोऱ्या, एक कोरडा नाला आणि त्यापुढचा अवघड चढ. गाडी फोर-व्हील-लो मध्ये टाकली. एक मित्र खाली उतरून हाताने 'डावं, अजून डावं' करत होता. चढ पार झाला तेव्हा आम्ही ओरडलो. पुढच्या वळणावर समोरून खाचर आलं, धानाच्या पोत्यांनी भरलेलं. वाट एकाच वाहनापुरती. बैल काही मागे जात नाहीत, म्हणून आम्हीच दोन्ही गाड्या नाल्यापर्यंत मागे घेतल्या. खाचरावरचे आजोबा जवळ आले आणि विचारलं, "कुठं जाता जी?"

"फिरायला आलोय."

"या पांदणीनं?" ते हसले आणि निघून गेले. ज्या चढावर आम्ही दहा मिनिटं घालवली होती, तो त्यांच्या बैलजोडीने पोत्यांसकट पार केला.

पांदण. विदर्भात हा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे. पश्चिम महाराष्ट्रात त्याला पाणंद म्हणतात. गावातून शिवारात जाणारी गाडीवाट. घरी परतल्यावर मी तिच्याबद्दल वाचत गेलो, आणि कळलं की आमच्या 'ऑफ-रोड'ला सरकारी दप्तरात जागा आहे. गावनकाशावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवतात आणि पायवाट एकेरी तुटक रेषेने. गाडीमार्गाची रुंदी साधारण साडेसोळा ते एकवीस फूट धरतात, पायवाटेची सव्वाआठ फूट. आकडे विचित्र वाटतात ना? गुंठ्याची बाजू ३३ फूट असते. तिची निम्मी साडेसोळा, पाव सव्वाआठ.

विदर्भात ही गोष्ट आणखी एक पायरी खोल जाते. हा भाग आधी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. १८५० च्या दशकात ते राज्य खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला, आणि इंग्रजांनी इथे गावोगावी मालगुजार नेमून त्यांना गावाची मालकी दिली. स्वातंत्र्यानंतर विदर्भ मध्य प्रदेशात असताना, १९५० च्या कायद्याने ती मालकी संपली. मालगुजारांचे तलाव सरकारकडे आले; त्यांनाच आज 'माजी मालगुजारी', म्हणजे 'मामा तलाव' म्हणतात. पण मग प्रश्न आला: गावाने सरपण कुठून आणायचं, गुरं कुठे चारायची, पाणी कुणाच्या शेतातून न्यायचं, शेतात कुठल्या वाटेने जायचं? या वहिवाटी नोंदवण्यासाठी दोन दप्तरं आहेत, 'निस्तार पत्रक' आणि 'वाजिब-उल-अर्ज'. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ मध्येही ती विदर्भासाठी कायम ठेवली गेली. वाजिब-उल-अर्जमध्ये पाण्याचा हक्क, मासेमारीचा हक्क आणि वाटेचा हक्क एकत्र येतात. म्हणजे इथे वाट ही पाण्यासारखी, माशांसारखी, सगळ्या गावाची.

मग ती रस्ता का मानली जात नाही? याचं उत्तर नागपुरातच सापडतं. डिसेंबर १९४३ मध्ये, महायुद्ध चालू असताना, देशभरातल्या प्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी पुढच्या २० वर्षांची रस्ते योजना आखली. तिला 'नागपूर प्लॅन' म्हणतात. सिव्हिलच्या मुलांना तो परीक्षेत येतो. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि शेवटी ग्रामीण मार्ग ही उतरंड तिथेच पक्की झाली. योजना मोठी होती आणि तिच्यामुळे देशाचा फायदाच झाला. पण उतरंड गावाशी येऊन थांबली. गावातून शेतात जाणारी पांदण शेवटच्या पायरीच्याही खाली राहिली. पुढे २००० साली पंतप्रधान ग्रामसडक योजना आली, तीसुद्धा वस्तीपर्यंत.

गंमत म्हणजे, नागपुरात रस्ते आखले जात होते त्याच काळात जगभरच्या रणांगणांवर रस्ता नसेल तिथे जाणारी गाडी धावत होती. १९४० मध्ये अमेरिकन सैन्याने १३५ कंपन्यांकडे हलक्या, चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीची मागणी केली. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने ४९ दिवसांच्या मुदतीत नमुना उभा केला आणि २३ सप्टेंबरला हजर केला. मोठ्या ऑर्डरी मात्र विलीज आणि फोर्डला मिळाल्या. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीप बनल्या. १९४५ मध्ये जे. सी. महिंद्र, के. सी. महिंद्र आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्र अँड मोहम्मद' कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. इथे कंपनीचं नाव १९४८ मध्ये 'महिंद्र अँड महिंद्र' झालं आणि मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू झाली.

पुढची काही दशकं जीप ही सरकारची गाडी होती. बीडीओ, फॉरेस्टवाले, पोलीस, निवडणुकीची पेटी, सगळं जीपमधून यायचं. रस्ता नव्हता म्हणून जीप लागायची. २०१० मध्ये थार आली, २०२० मध्ये नवी थार आली, आणि हिशोब उलटा झाला. आता आम्ही सहापदरी महामार्गाने शेकडो किलोमीटर येतो, रस्ता नसलेली जागा शोधायला.

हौसेला मी नावं ठेवत नाही. या भागाला हौस नवी नाही. झाडीपट्टीत धान निघालं की शंकरपट भरतो: हलकी गाडी, जीव लावून पाळलेली बैलजोडी, सरळ पट आणि काही सेकंदांचा खेळ. रात्री त्याच गावात नाटक. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. राज्याने बदललेला कायदा २०२३ मध्ये न्यायालयाने मान्य केला. वेगाचा नाद, गर्दी, धुरळा, पैज, सगळं आमच्यासारखंच. फरक इतकाच की पट भरतो तो त्यासाठी राखलेल्या जागेत. वापराच्या वाटेवर कुणी शर्यत लावत नाही.

आमचा प्रश्न तिथे सुरू होतो. पांदण पावसाळ्यात चिखलाची होते. खताची पोती डोक्यावर न्यावी लागतात, आजारी माणसाला खाटेवर घालून आणावं लागतं. ओल्या पांदणीत दोन टनांच्या गाडीने मजेत चार फेऱ्या मारल्या की चाकोऱ्या आणखी खोल होतात, आणि त्यांत पुढचे दोन महिने कुणाचं तरी खाचर रुततं. शिवाय दोन्ही बाजूंचे नांगर दरवर्षी वीतभर आत सरकतात ते वेगळंच. अडवलेली वाट मोकळी करायला तहसीलदाराकडे १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली दाद मागता येते. म्हणजे पांदणीचं भांडण शंभर वर्षांहून जुनं आहे, आणि ते ड्रोनच्या शॉटमध्ये दिसत नाही.

मला यातून दोन-तीन साध्या गोष्टी सुचतात. कोरड्या दिवसांत जावं. कुणाची वाट आहे ते गावात विचारावं. समोरून खाचर आलं तर गाडी आपण मागे घ्यावी. आणि तुमचं गाव असेल, तर एकदा गावनकाशा बघून या. गूगल मॅप्सवर जिथे नुसता हिरवा रंग दिसतो, तिथे त्या कागदावर दुहेरी तुटक रेषा सापडेल. ती शेतात गेल्यावरही दिसते का, ते बघा.